धागा: ‘प्रस्तावित आर झोन’ म्हणजे नक्की काय? (केसनंद बाजूचा प्लॉट)

मृण्मयी८५
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं पुण्याजवळ केसनंद-लोणीकंद भागात छोटा प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो, “मॅडम, आत्ता शेती झोन दिसतो, पण प्रस्तावित आर झोन, म्हणजे निवासी, आहे. दोन वर्षांत नकाशावर पिवळा होणारच. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागणार, अजून काय पाहिजे?” दर शेजारच्या एनए (बिनशेती) प्लॉटच्या निम्म्याहून कमी आहे. खरेदीखत ११ गुंठ्यांचं, अकरा जणांच्या नावे एकत्र. आमच्या वाट्याला एक गुंठा.

सासरे म्हणतात, सातबारा आहे म्हणजे सगळं आहे. नवरा म्हणतो, झोन बदलला की लॉटरी. मला यातलं काहीच कळत नाही, म्हणून इथे विचारतेय. ‘प्रस्तावित’ म्हणजे कुणी प्रस्तावित केलेलं असतं? आणि ते कुठे बघायला मिळतं?

तिरकस
प्रस्ताव एजंटने मांडला, अनुमोदन त्याच्या मेव्हण्याने दिलं. ठराव एकमताने मंजूर.

जोशीबुवा
१०८९ चौरस फुटांत घर, विहीर, आंब्याचं झाड आणि वीकेंडची शांतता, सगळं बसतं. जाहिरातीत बघितलंय मी.

निवृत्त_आरेखक
मृण्मयीताई, नोकरी नगररचना खात्यात नकाशे काढण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सातबारा हा महसुलाचा कागद. जमीन कुणाची, किती, कुठल्या शर्तीची, पीक काय, बोजा काय, हे तो सांगतो. तिथे घर बांधता येईल का, हे तो सांगत नाही. ते ठरतं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या आराखड्यावर. शहरात विकास आराखडा, बाहेर प्रादेशिक योजना. हे दोन कारभार शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकांना फारसं विचारत नाहीत. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवताना झोन तपासत नाही. तलाठी फेरफार धरताना झोन तपासत नाही. त्यामुळे ग्रीन झोनमधल्या (शेती विभागातल्या) गुंठ्याला सातबाऱ्यावर नाव आरामात लागतं. पुढे बांधकाम परवानगीच्या खिडकीशी गेल्यावर कळतं.

आता तुमचा भाग. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, केसनंद अजून पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आहे. पीएमआरडीए स्थापन झाली २०१५ला. तिचा प्रारूप विकास आराखडा २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. म्हणजे तुमच्या गटाला आज लागू आहे ती १९९७ची प्रादेशिक योजना. तुमच्या एजंटचा ‘प्रस्तावित’ बहुधा त्या रद्द झालेल्या प्रारूपातला असावा. त्याला एवढंच विचारा: कलम २०खाली या गटाच्या फेरबदलाची अधिसूचना निघाली आहे का? निघाली असेल तर तारीख दाखवा.

गुंठामंत्री
आरेखक साहेब, कागदावर तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही घाबरवताय लोकांना. मी याच धंद्यात आहे, लपवत नाही. २००५ला हिंजवडीच्या पुढे ज्यांनी ग्रीन झोनमध्ये घेतलं ते आज हसतायत. शहर थांबत नाही हो. मारुंजी, म्हाळुंगे, माण, काय होतं तिथे? ऊस आणि ज्वारी. ज्याला जोखीम नको त्याने दुप्पट दराने एनए घ्यावा, कुणी अडवलंय? आणि २०२५मध्ये तुकडेबंदी पण शिथिल झाली, ते का नाही सांगत?

निवृत्त_आरेखक
सांगतो की. अकरा गुंठ्यांचा आकडा मुळात आला कुठून? तुकडेबंदी कायदा १९४७चा. २०२३पासून प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २०. त्याच्या खाली तुकडा विकता येत नाही, म्हणून दहाच्या वर एक गुंठा चढवून अकरा माणसं एका खतात कोंबायची. कागदावर अकरा जण अविभक्त हिस्सेदार असतात. तुमचा गुंठा कुठला, हे फक्त चुन्याच्या फक्कीला माहीत. एकाने बँकेत हिस्सा गहाण टाकला किंवा एकाचे वारस भांडले, की सगळे अडकले.

आणि शिथिलतेबद्दल: जुन्या तुकड्याच्या व्यवहाराची नोंद नियमित होणं वेगळं, त्या तुकड्यावर बांधायला परवानगी मिळणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं आपोआप होत नाही.

अनघा_क
गुंठामंत्री, हिंजवडीत जे हसले त्यांची उदाहरणं सगळेच देतात. जे अडकले ते कट्ट्यावर येऊन सांगत नाहीत. आमच्या नात्यात एकांनी असाच गुंठा घेतला, पत्र्याची खोली टाकली, मीटर घेतलं. पुढे अनधिकृत बांधकामाची नोटीस. विकायला काढला तर गिऱ्हाईक बँकेचं कर्ज मागतं आणि बँक म्हणते मंजूर नकाशा आणा. म्हणजे रोख पैसेवाला, काहीच न विचारणारा माणूस शोधायचा. मुळात त्यांना विकलं होतं तेही असाच माणूस शोधूनच.

बाळा_मावळ
सगळे खरेदी करणाऱ्याच्या बाजूने बोलतायत, मी विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आमची शेती, गावाचं नाव नको. एका कडेला बिल्डरचं टाऊनशिप, दुसऱ्या कडेला हायवे, मधे आम्ही हिरवे. का हिरवे? कुणीतरी पुण्यात बसून रंग भरला म्हणून. ऊस लावावा तर टाऊनशिपवाले पाचट पेटवल्यावर तक्रार करतात. सातबाऱ्यावर पाच भाऊ, पाच चुलत भाऊ. पोरीचं लग्न निघालं, दवाखाना निघाला तर काय विकायचं? एक-दोन गुंठेच विकले जातात. बिल्डर शंभर एकर घेतो तेव्हा त्याला झोन बदलून मिळतो, आम्ही मागितला की ‘तत्त्वतः शक्य नाही’.

तुम्ही म्हणता बेकायदा प्लॉटिंग. बरोबर आहे. पण कायदेशीर प्लॉटिंगला लेआउट, रस्ते, मोकळी जागा, मोजणी, शुल्क, आर्किटेक्ट. एवढा पैसा असता तर जमीन विकली असती का?

टेकडीवाली
बाळा, तुमचा मुद्दा पटतो, आणि तरीही. सगळ्यांचे रंग मागणीप्रमाणे बदलत गेले तर टेकड्या उरल्या नसत्या. १९९७ला पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी जी तेवीस गावं राहिली, त्यांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं, ९७८ हेक्टर. तिथेही मालकांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: आमच्याच डोक्यावर का? सरकारने २०१५ला मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला, तो मालकांना पुरेसा वाटला नाही. दरम्यान बऱ्याच ठिकाणी टेकडी खालून कुरतडत वर गेली. पाषाण-बावधन बाजूला संध्याकाळी फिरायला जा, दिसेल.

माझं म्हणणं एवढंच की मोबदला नीट दिला असता तर निम्मी भांडणं झालीच नसती. आरक्षण टाकायला पेन्सिल लागते, उठवायला किंवा घ्यायला तिजोरी.

जोशीबुवा
पेन्सिलीवरून आठवलं. १९८७च्या आराखड्यात शहराभोवती फिरणारा एचसीएमटीआर नावाचा रस्ता होता. तेव्हा शाळेत असलेली मंडळी आता सोसायटीचे चेअरमन आहेत. रस्ता नकाशावर अजून फिरतोय.

ॲड_काळाकोट
आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक लोकप्रिय गैरसमज. ‘दहा वर्षं झाली, आरक्षण आपोआप उठलं.’ नाही. त्याच १९६६च्या अधिनियमाचं कलम १२७ म्हणतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाने खरेदी सूचना द्यायची. पूर्वी सूचनेनंतर सहा महिने होते, मग वर्ष झालं, २०१५च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने. तेवढ्या काळात जागा संपादन झाली नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. मालक गप्प बसला तर काहीच होत नाही.

आणि व्यपगत झालं म्हणजे वाट्टेल ते बांधा असंही नाही. लगतच्या जमिनीला जे अनुज्ञेय ते तुम्हाला. शेजार हिरवा असेल तर तुम्हीही हिरवे. हे ऐकल्यावर पुष्कळ अशिलांचा चहा थंड होतो.

पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा २००७-२०२७चा आराखडा जानेवारी २०१७मध्ये मंजूर झाला. म्हणजे ज्यांच्या जागेवर नवीन आरक्षणं आहेत त्यांची दहा वर्षं २०२७ला भरतात. तेव्हा आमच्या धंद्याला बरे दिवस येतील असं दिसतंय.

तिरकस
म्हणजे आराखडा २००७चा, मंजूर २०१७ला, संपणार २०२७ला. वीस वर्षांचं नियोजन, त्यातली पहिली दहा नियोजनाचं नियोजन करण्यात.

खिडकीतला
अवांतर विचारतो, पण झोनचंच आहे. आमच्या गल्लीत (कोथरूड, आतली बाजू) शेजारचा बंगला भाड्याने गेला आणि तिथे कॅफे आला. आधी चार टेबलं, मग साइड मार्जिनमध्ये शेड, मग गच्चीवर दिवे. रात्री साडेअकरापर्यंत गिटार. हा भाग निवासी आहे ना? मग हे चालतं कसं?

जोशीबुवा
पाटी लावा: ‘हा निवासी विभाग आहे. येथे रात्री झोपतात. कॉफी पिऊन इतरांनी जागू नये.’

अनघा_क
धाग्याचं काश्मीर व्हायला, म्हणजे विषय भरकटायला, सुरुवात झाली.

निवृत्त_आरेखक
होऊ द्या, प्रश्न चांगला आहे. निवासी विभाग म्हणजे फक्त राहणं, असं नियमात कधीच नव्हतं. २०२०च्या एकत्रीकृत नियमावलीतही निवासी विभागात दुकानं, दवाखाने, वकिलाचं ऑफिस, शिकवण्या यांना जागा आहे. कुठे किती, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंचसं ठरतं. अरुंद गल्लीत थोडंसं, रुंद रस्त्याला बरंच जास्त. तेव्हा पहिली गोष्ट, तुमच्या गल्लीची आराखड्यातली रुंदी बघा. प्रत्यक्षातली नव्हे.

दुसरी गोष्ट, वापर आणि बांधकाम वेगळं धरा. हॉटेल त्या रस्त्याला अनुज्ञेय असलं तरी साइड मार्जिनमधली शेड अनुज्ञेय होत नाही. मार्जिन मोकळी ठेवायची ती उजेड, वारा आणि अग्निशमनाची गाडी यांच्यासाठी. गच्चीचंही तसंच, मंजूर नकाशात गच्ची म्हणून दाखवली आहे ना?

म्हणून तक्रार ‘आवाज फार होतो’ एवढीच करू नका. आवाजाला पोलीस, शेडला बांधकाम विभाग, असे दोन वेगळे अर्ज करा. शेडच्या अर्जात मंजूर नकाशाशी विसंगती हा शब्दप्रयोग आला पाहिजे. कलम ५३ची (अनधिकृत बांधकाम काढायला सांगणारी) नोटीस त्यातून निघते.

खिडकीतला
आभार. त्याचं म्हणणं आहे की तो मिळकतकर बिगरनिवासी दराने भरतो, म्हणजे महापालिकेला मान्य आहे.

ॲड_काळाकोट
कर भरला म्हणून वापर किंवा बांधकाम नियमित होत नाही. पिंपरी-चिंचवडला लोकांनी वर्षानुवर्षं शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर) सोसला, २०२३ला तो माफ झाला, म्हणून घरं अधिकृत झाली का? कर खातं आणि बांधकाम खातं एकाच इमारतीत असली तरी एकमेकांच्या फायली वाचत नाहीत.

फ्रीमाँटकर
इकडे अमेरिकेत शेजाऱ्याने कुंपण सहा इंच उंच केलं तरी सिटी हॉलमध्ये सुनावणी असते.

तिरकस
इकडे सहा मजले उंच केले तरी नसते. त्याला जीवनाचा दर्जा म्हणतात.

मृण्मयी८५
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. बाळा, तुमचा प्रतिसाद वाचून नवऱ्याने आणि मी बराच वेळ वाद घातला, कारण आम्हाला जमीन विकणारेही शेतकरीच आहेत, एजंट नुसता मधला. आरेखककाका, झोन दाखला कुठे काढायचा? आणि शेती झोन असला तरी फार्महाऊस बांधता येतं असं एजंट आता म्हणतोय. ते तरी खरं का?

निवृत्त_आरेखक
झोन दाखला आणि भाग नकाशा पीएमआरडीएच्या कार्यालयातून. अर्जासोबत चालू सातबारा आणि गटाचा मोजणी नकाशा लागेल. मोजणीची क प्रत विकणाऱ्याकडे नसेल तर तीच पहिली शंका. भाग नकाशा आवर्जून घ्या. दाखल्यात एक ओळ असते, नकाशावर दिसतं की रस्ता कुठून जातो, नाला कुठे आहे, हाय टेन्शन लाइन कुठून.

फार्महाऊस बांधता येतं, हे खरं. पण त्याला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन लागते. तुमच्याकडे एक. अकरा जण एकत्र आलात तरी एकोणतीस कमी पडतात.

गुंठामंत्री
फार्महाऊस सांगणारा एजंट चुकीचं सांगतोय, हे मी पण मानतो. आम्ही सगळे तसे नसतो.

बाळा_मावळ
नोंद घेतली :)

जोशीबुवा
पुण्यात नुसत्या पत्त्यावरून जमिनीचा इतिहास कळतो. आम्हा पेठेतल्यांचा सिटी सर्व्हे नंबर. एरंडवणा, प्रभात रोडला फायनल प्लॉट नंबर, कारण तिथे १९१५च्या कायद्याखाली नगररचना योजना झाल्या: सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घेतल्या, रस्ते काढले आणि चौकोनी प्लॉट परत दिले. कोथरूडला गेलात की नुसता सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, म्हणजे शेत तसंच विकत विकत शहर झालं. आणि मृण्मयीताईंचा गट नंबर. प्रभात रोड आणि कोथरूडच्या आतल्या गल्ल्या एकदा एकापाठोपाठ चालून बघा, फरक पायांना कळेल.

निवृत्त_आरेखक
जोशीबुवा, विनोद सोडून बोललात की फार बरं बोलता. म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएने हाती घेतली ती तीच पद्धत, टीपी स्कीम. बाळांच्या तक्रारीवर माझ्या मते सगळ्यात बरं उत्तर तेच आहे. शेतकऱ्याची जमीन जाते थोडी, उरलेल्या जमिनीला रस्ता आणि निवासी वापर मिळतो, आणि बिल्डरला वेगळा न्याय, शेतकऱ्याला वेगळा, असं राहत नाही.

बाळा_मावळ
मिळालं तर. टीपी जाहीर झाली की मधल्या काळात ना बांधता येतं ना चांगल्या भावात विकता येतं. लवाद नेमणार, सुनावण्या होणार, दोन निवडणुका जाणार. पद्धत चांगली आहे, मान्य. आमचं आयुष्य तिच्या वेळापत्रकात बसत नाही.

टेकडीवाली
कुणी पूररेषेबद्दल लिहिलंच नाही. जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा सगळ्यांना निळी रेषा आणि लाल रेषा आठवली. निळ्या रेषेच्या आत बांधकामच नको, निळ्या-लालच्या मधे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेऊन अटींवर. तुमच्या गटाजवळ ओढा असेल तर झोन पिवळा असो की हिरवा, जलसंपदा खात्याची रेषा बघाच. तिकडे देहूरोड, दिघी बाजूला घेणाऱ्यांनी संरक्षण खात्याचा रेड झोन (बांधकामबंदीचा पट्टा) बघावा. झोनचा रंग चांगला असूनही हे वरून येतं.

मृण्मयी८५
अपडेट. दाखला आणि भाग नकाशा आला. शेती विभाग. शिवाय गटाच्या पूर्वेकडून रस्ता जातोय, आणि चुन्याची फक्की ज्या कोपऱ्यात मारली होती तो कोपरा त्या रस्त्यात आहे. एजंटला नकाशा दाखवला तर तो खूश! म्हणे, “बघा, मी म्हणत होतो ना, रस्ता येतोय, भाव वाढणार.”

तिरकस
तुमचा प्लॉट रस्त्यालगत नाही, रस्त्यातच. मोक्याची जागा.

मृण्मयी८५
हाहा. इसार दिलेला नाही, त्यामुळे तो विषय संपला. सासरे अजून म्हणतायत की सातबारा तर स्वच्छ होता. आता वाघोलीच्या अलीकडे एक एनए प्लॉट बघतोय, दर जास्त, क्षेत्र कमी. एनए आहे म्हटल्यावर आणखी काय बघायचं?

ॲड_काळाकोट
एनए कसला ते बघा. महसूल संहितेच्या कलम ४२ बप्रमाणे अंतिम आराखड्यात निवासी असलेल्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी लागत नव्हती, रूपांतरण कर भरून सनद मिळायची. तेव्हा सनद मागा किंवा जुना असेल तर एनए आदेश. आदेशातल्या अटी वाचा, लोक पहिलं पान बघून ठेवून देतात. आणि सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं नाही ना, हे बघा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नको.

निवृत्त_आरेखक
आणि मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत. ब्रोशरमधलं रंगीत चित्र नव्हे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती मोकळी जागा नंतर प्लॉट म्हणून विकलेली मी पाहिली आहे, तेव्हा तुमचा प्लॉट नंबर मंजूर नकाशात प्लॉट म्हणूनच आहे, हे बोट ठेवून बघा. प्लॉटसमोरच्या रस्त्याची रुंदीही तिथेच लिहिलेली असेल, पुढे किती मजले चढतील ते त्यावर आहे.

मृण्मयी८५
मागितली आहे. विकणारे म्हणतात, मूळ प्रत आर्किटेक्टकडे आहे आणि आर्किटेक्ट गावाला गेलाय.

जोशीबुवा
गाव कुठल्या झोनमध्ये आहे ते विचारा.

निवृत्त_आरेखक
त्याची वाट बघू नका. ताई, मंजुरी क्रमांक आणि तारीख घ्या आणि माहिती अधिकारात सरळ कार्यालयातून प्रत काढा. ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. तोपर्यंत टोकन देऊ नका.

खिडकीतला
कॅफेचं: शेड काढली. गिटार आहे अजून.